घरच्या कॉम्प्युटरसाठी मोफत अँटिव्हायरस: आधी काय काढायचं, मग काय टाकायचं

"फ्रीमध्ये कुठला अँटिव्हायरस चांगला?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, आत्ता कॉम्प्युटरवर कुठला आहे? बहुतेकांना ते सांगता येत नाही. गेल्या दिवाळीत मावशीचा लॅपटॉप उघडला, तर घड्याळाशेजारी तीन ढाली. एक लॅपटॉपबरोबर आलेली ट्रायल, ती केव्हाच संपलेली. दुसरा अँटिव्हायरस दुकानदाराने टाकलेला. तिसरा चुलतभावाने, कारण "पहिले दोन काही करत नाहीत" म्हणून. लॅपटॉप सुरू व्हायला नऊ मिनिटं लागत होती, आणि एवढं असून राखणीला प्रत्यक्षात कुणीच नव्हतं.

चूक जवळपास प्रत्येक घरात हीच होते. निवड आधी केली जाते आणि साफसफाई राहून जाते. म्हणून या लेखात निवड सहाव्या टप्प्यावर आहे. मधले टप्पे गाळू नका. सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलंय. एक मोकळी संध्याकाळ आणि चालू इंटरनेट लागेल.

## टप्पा १: कागदावर चार नोंदी

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी एका कागदावर हे लिहून काढा.

1. विंडोज कुठलं? सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट या क्रमाने गेलात की दिसेल.
2. रॅम किती? तिथेच लिहिलेली असते. ४ जीबी असेल तर निवड करताना ही गोष्ट महत्त्वाची ठरणार आहे.
3. हार्ड डिस्क की एसएसडी? टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर कळतं.
4. कॉम्प्युटरवर नेट कायम असतं की कधीमधी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर? आणि बाहेरचे पेनड्राइव्ह लागतात का?

चौथी नोंद कुणीच करत नाही, आणि निवड बहुतेक वेळा तिच्यावरच ठरते.

थांबा: विंडोज १० असेल तर एक गोष्ट आत्ताच बघा. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ केले आहेत, पण ते आपोआप मिळत नाहीत, नोंदणी करावी लागते. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे पडत नाहीत. विंडोजमध्येच आलेल्या डिफेंडर या अँटिव्हायरसला व्हायरसची नवी ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे. पण खुद्द विंडोजला पडलेली भोकं त्याने बुजत नाहीत. राखणदार जागा असला तरी मागची भिंत पडलेली असेल तर तो किती पुरा पडणार?

विंडोज ७ असेल तर त्याचे अपडेट जानेवारी २०२० पासून बंद आहेत. त्यावर कुठलाही अँटिव्हायरस टाकून नेटबँकिंग करू नका.

## टप्पा २: बॅकअप

फोटो, दहावी-बारावीच्या मार्कशीटचे स्कॅन, सातबारा, आयकराची कागदपत्रं, टॅलीचा डेटा असेल तर तो, हे सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. कॉपी झाल्यावर दोन-चार फाइल त्या डिस्कवरून उघडून बघा, मग डिस्क काढून कपाटात ठेवा.

कायम जोडलेल्या डिस्कला बॅकअप म्हणता येत नाही. फाइल कुलूपबंद करून पैसे मागणारा रॅन्समवेअर जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो.

लक्षात ठेवा: फक्त कागदपत्रं आणि फोटो घ्या. सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर, "क्रॅक" (विकतचं सॉफ्टवेअर पैसे न भरता चालवणारी फाइल) नावाचे फोल्डर, गेमच्या झिप फाइल घेऊ नका. घाण असलीच तर ती त्यांच्याबरोबर बॅकअपमध्ये जाते आणि सफाईनंतर परत येते.

## टप्पा ३: आत्ता राखणीला कोण आहे ते बघा

स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी शोधून उघडा. खाली डावीकडे सेटिंग्ज, त्यात सिक्युरिटी प्रोव्हायडर्सखाली मॅनेज प्रोव्हायडर्स. इथे कुठला अँटिव्हायरस चालू आणि कुठला बंद, याची सरळ यादी मिळते. घड्याळाजवळच्या ढालींवर विसंबू नका, ही यादी बघा.

दुसरा अँटिव्हायरस बसला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपणहून बाजूला होतो. हे मुद्दाम तसं केलेलं आहे, कारण एकाच फाइलवर दोघांनी एकाच वेळी झडप घातली तर कॉम्प्युटर अडतो, आणि कधीकधी एकाने पकडून ठेवलेल्या फाइललाच दुसरा व्हायरस समजतो. दोन अँटिव्हायरसनी दुप्पट संरक्षण मिळत नाही.

ट्रायल आणि फ्री यांत गल्लत नको. नव्या लॅपटॉपबरोबर येतात त्या बहुधा ट्रायल असतात. दुकानातून मिळणारी पुण्याच्या क्विक हीलची "फ्री" सीडी किंवा लिंक हीसुद्धा ठरावीक दिवसांची ट्रायलच असते. कंपनी चांगली आहे, पैसे भरून वापरायची असेल तर जरूर वापरा. पण मुदत संपल्यावर तो अँटिव्हायरस नुसता बसून राहतो, आणि घरातल्यांना वाटत राहतं की आहे ना अँटिव्हायरस.

## टप्पा ४: जुनं सगळं काढा

1. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स. विंडोज १० मध्ये याचं नाव ॲप्स अँड फीचर्स आहे.
2. प्रत्येक अँटिव्हायरस एकेक करून अनइन्स्टॉल करा. प्रत्येक वेळी रीस्टार्ट करा, "रीस्टार्ट लेटर" दाबून पुढे जाऊ नका.
3. त्यांच्याबरोबर आलेली पिल्लंही काढा: "सिक्युअर ब्राउझर", "क्लीनअप", "ड्रायव्हर अपडेटर", "पीसी ट्यूनअप", न मागता आलेलं व्हीपीएन.
4. एखादा निघतच नसेल तर त्या कंपनीचं स्वतःचं काढायचं साधन वापरा. अवास्ट, एव्हीजी, मॅकॅफी, नॉर्टन यांची अशी साधनं त्यांच्याच वेबसाइटवर फुकट मिळतात.

फोल्डर हाताने डिलीट करणं ही इथली सर्रास चूक. अँटिव्हायरस विंडोजमध्ये खोल रुतलेला असतो. फोल्डर उडवलात तर तो अर्धवट मरतो, विंडोजला तो अजून आहे असंच वाटतं आणि डिफेंडर परत उभा राहत नाही.

तपासा: शेवटच्या रीस्टार्टनंतर मॅनेज प्रोव्हायडर्सच्या यादीत फक्त मायक्रोसॉफ्ट डिफेंडर दिसायला हवा, आणि तो चालू हवा. घरच्या कॉम्प्युटरवर "ही सेटिंग तुमची संस्था सांभाळते" अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येत असेल तर कुणीतरी किंवा कशानेतरी डिफेंडर मागच्या दाराने बंद केलाय. कंपनीचा लॅपटॉप असेल तर गोष्ट वेगळी, तो तसाच कंपनीकडे न्या.

## टप्पा ५: एक्सक्लुजन्स आणि सफाई

या टप्प्यावर जरा रेंगाळणार आहे, कारण इतर ठिकाणी हे सांगितलेलं मला फारसं दिसत नाही.

विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन उघडा. मॅनेज सेटिंग्जमध्ये अगदी खाली एक्सक्लुजन्स आहे. "या जागा तपासू नकोस" असं अँटिव्हायरसला सांगितलेल्या जागांची ही यादी. साध्या घरच्या कॉम्प्युटरवर ती रिकामी असायला हवी.

मावशीच्या लॅपटॉपवर त्या यादीत एकच ओळ होती: पूर्ण सी ड्राइव्ह. म्हणजे डिफेंडर चालू असता तरी त्याला ज्या घराची राखण करायची, त्याच घरात जायची बंदी. लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता तेव्हा चोरीचं ऑफिस आणि ते चालू करणारी क्रॅक फाइल टाकली गेली होती. अशी साधनं डिफेंडर पकडतो, म्हणून टाकणारे आधी त्याला बंद करतात किंवा ही ओळ घालून ठेवतात. मावशीला कुणी विचारलं नाही, सांगितलं तर नाहीच. आपलं कागदपत्र ज्याच्या भरवशावर ठेवायचं त्या कुलपाची एक किल्ली परस्पर दुसऱ्याकडे असावी, याचा मला अजूनही राग येतो.

क्रॅकचा धोका खरा आहे. स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाने ओळखलं जाणारं रॅन्समवेअर घरगुती कॉम्प्युटरवर मुख्यतः क्रॅक आणि की-जनरेटर (सॉफ्टवेअरची खोटी किल्ली बनवणारी साधनं) यांमधूनच पसरलं.

आता क्रमाने:

1. एक्सक्लुजन्समधली प्रत्येक ओळ काढा.
2. त्याच पानावर रिअल-टाइम, क्लाउड-डिलिव्हर्ड आणि टॅम्पर प्रोटेक्शन चालू करा. टॅम्पर प्रोटेक्शन चालू असलं की इतर सॉफ्टवेअरला गुपचूप डिफेंडर बंद करणं अवघड जातं.
3. ॲप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन उघडा आणि "पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग" चालू करा. न मागता चिकटणारे टूलबार आणि ट्यूनअप याने अडतात.
4. प्रोटेक्शन अपडेट्समध्ये जाऊन अपडेट तपासा. अपडेटच्या आधी स्कॅन करू नका, जुन्या ओळखीवर नवा व्हायरस सापडत नाही.
5. स्कॅन ऑप्शन्समधून फुल स्कॅन. हार्ड डिस्क असेल तर काही तास लागतील, रात्री लावून ठेवा आणि लॅपटॉप चार्जरला जोडा.
6. मग ऑफलाइन स्कॅन. हातातलं काम सेव्ह करा, कारण कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते. साधारण १५ मिनिटं लागतात. विंडोज चालू असताना लपून बसणारी घाण इथे सापडते.

काही सापडलं तर "क्वारंटाइन" (फाइल वेगळी कोंडून ठेवणं) किंवा "रिमूव्ह". "अलाउ ऑन डिव्हाइस" कधीही नाही. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर यात बंद पडेल, ते पडू द्या. लिहायला आणि हिशेबाला लिब्रेऑफिस मोफत आहे, युनिकोड मराठी त्यात व्यवस्थित चालतं.

दुसरं मत हवं असेल तर मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर किंवा मालवेअरबाइट्स एकदा चालवा. सेफ्टी स्कॅनर डाउनलोड केल्यापासून दहा दिवसच चालतो, पुढच्या वेळी नवा घ्यायचा. मालवेअरबाइट्सची ट्रायल संपली की तो फक्त सांगितल्यावर स्कॅन करतो, पहारा देत नाही. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाइटवरही बॉट, म्हणजे कॉम्प्युटर परस्पर दुसऱ्याच्या ताब्यात देणारे प्रोग्रॅम, काढायची मोफत साधनं आहेत. ही सगळी तपासनीस मंडळी आहेत, त्यांना कायमचा अँटिव्हायरस समजू नका.

डिफेंडर काही केल्या चालूच होत नसेल, किंवा काढलेली घाण दर रीस्टार्टला परत येत असेल, तर पुढे जाण्यात अर्थ नाही. "रीसेट धिस पीसी" वापरून विंडोज नव्याने टाका. बॅकअप कपाटात आहेच.

## टप्पा ६: आता निवड

पहिल्या टप्प्यातला कागद समोर घ्या.

नेट कायम आहे, विंडोजला अपडेट मिळतात, वापर घरगुती. काहीही नवीन टाकू नका. डिफेंडर पुरेसा आहे. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्हज या चाचणी संस्था नियमित निकाल जाहीर करतात, आणि डिफेंडर तिथे वर्षानुवर्षं चांगल्यांच्या रांगेत आहे. ४ जीबी रॅम असेल तरीही माझं उत्तर हेच. वर आणखी एक टाकून कॉम्प्युटर जड करू नका. "फुकट आणि आधीपासूनच आहे, म्हणजे कच्चं असणार" ही समजूत जुन्या काळातली आहे.

नेट कधीमधी, आणि पेनड्राइव्हची ये-जा भरपूर. गावाकडचं घर, किंवा झेरॉक्सच्या दुकानात रोज पेनड्राइव्ह जाणारं घर. इथे मी बिटडिफेंडरची मोफत आवृत्ती सुचवतो. डिफेंडरची पकड बरीचशी क्लाउडवर, म्हणजे नेटवरून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारण्यावर, अवलंबून आहे, नेट नसताना ती कमी होते. एव्ही-कम्पॅरेटिव्हजच्या चाचण्यांत हा फरक दिसत आलाय. बिटडिफेंडर कॉम्प्युटरवरच्या ओळखीवर जास्त पकडतो. त्याला ईमेल देऊन खातं काढावं लागतं. आठवड्यातून एकदा हॉटस्पॉट जोडून अपडेट मात्र द्यायलाच हवा.

अवास्ट, एव्हीजी, अवीरा. तिन्ही आणि नॉर्टन आज एकाच कंपनीचे आहेत, जेन डिजिटलचे. पकड चांगली आहे. पण स्कॅननंतर "आणखी अडचणी सापडल्या" असं लाल अक्षरात दाखवायचं आणि बटण दाबलं की पैसे मागायचे, हे सतत चालतं. ज्या घरात आजी-आजोबा कॉम्प्युटर वापरतात तिथे मी हे टाकत नाही. लाल अक्षरं बघून घाबरायची आणि बटण दाबायची सवय लागते, आणि फसवणारेही तीच सवय हेरतात. दुसरं, वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती अवास्ट आपल्या जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकत होती. ती उपकंपनी जानेवारी २०२० मध्ये बंद झाली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. आजही यांपैकी कुठला टाकलात तर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीच्या पानावरच्या माहिती देण्याच्या सगळ्या खुणा काढा.

कॅस्परस्की. चाचण्यांत उत्तम. कंपनी रशियन असल्याने अमेरिकेने २०२४ मध्ये विक्रीवर आणि अपडेटवर बंदी घातली. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असेल आणि त्यांच्या लॅपटॉपवर हा अजून असेल तर तो काढायला सांगा.

सूचना: बहुतेक मोफत आवृत्त्या फक्त वैयक्तिक वापरासाठी असतात. घरातूनच क्लास, दवाखान्याचं बिलिंग किंवा डीटीपी चालत असेल तर अटी वाचा. डिफेंडरला ही अडचण नाही.

## टप्पा ७: डाउनलोड आणि इन्स्टॉल

डिफेंडरच ठेवायचं ठरलं असेल तर हा टप्पा सोडा.

1. सर्चमध्ये नाव टाकून पहिल्या लिंकवर क्लिक करू नका, ती बऱ्याचदा जाहिरात असते. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा.
2. आलेल्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. तिथे कंपनीचंच नाव हवं. ते पानच नसेल तर फाइल डिलीट करा.
3. इन्स्टॉल करताना "नेक्स्ट, नेक्स्ट" नको. प्रत्येक पडदा वाचा, ब्राउझर किंवा इतर काही टाकायची खूण असेल तर काढा.
4. कार्डाचा नंबर मागितला तर थांबा. ती ट्रायल आहे.
5. इन्स्टॉलर छोटा असला तरी तो पुढे शेकडो एमबी उतरवतो. हॉटस्पॉटचा डेटा बघूनच सुरू करा.
6. रीस्टार्ट, अपडेट, मग पहिला स्कॅन.

दुसरा अँटिव्हायरस टाकल्यावर विंडोज सिक्युरिटीत "पिरियॉडिक स्कॅनिंग" असा पर्याय दिसतो. तो चालू केला तर डिफेंडर अधूनमधून नजर फिरवून जातो. दोघांची टक्कर होत नाही.

## टप्पा ८: खरंच पकडतो का?

यासाठी आयकार नावाची चाचणी फाइल आहे. ६८ अक्षरांचा साधा मजकूर, अजिबात नुकसान न करणारा. सगळे अँटिव्हायरस ठरवून तिला व्हायरस मानतात. आयकारच्या अधिकृत वेबसाइटवरून ती डाउनलोड करायचा प्रयत्न करा. डाउनलोड अडला किंवा फाइल येताक्षणी गायब झाली, तर पहारा जागा आहे. फाइल निवांत डाउनलोड्समध्ये बसून राहिली तर तिसऱ्या टप्प्यावर परत जा.

हे करताना घरातल्या सगळ्यांना जवळ बसवा. खरी सूचना कुठे येते, कशी दिसते, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की खोटी ओळखता येते. ब्राउझरमध्ये पडदाभर येणारं "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस आहेत, या नंबरवर फोन करा" हे नेहमी खोटं. खरा अँटिव्हायरस फोन करायला सांगत नाही.

कोपऱ्यात रोज असल्या सूचना येत असतील तर तो व्हायरस नसून कधीतरी नकळत "अलाउ" दाबलेली वेबसाइट असू शकते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जाऊन अनोळखी नावं काढा.

## टप्पा ९: रोजच्या वापरात

पेनड्राइव्ह बाहेरून आला की उघडण्याआधी त्यावर राइट क्लिक करून स्कॅन करा. आत सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले दिसले तर एकावरही डबल क्लिक करू नका, क्लिकनेच व्हायरस सुरू होतो. बहुतेक वेळा मूळ फोल्डर तिथेच लपवलेले असतात. फॉरमॅट करायची घाई नको. आधी स्कॅन, मग एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये हिडन आयटम्स चालू करून बघा.

त्याच व्ह्यूमध्ये फाइल नेम एक्स्टेन्शन्सही चालू ठेवा. "पत्रिका.पीडीएफ.ईएक्सई" यातला शेवटचा भाग एरवी दिसतच नाही. मराठी फॉन्टच्या नावाखाली आलेल्या झिपमध्ये हीच नजर ठेवा. फॉन्टची फाइल टीटीएफ किंवा ओटीएफ असते. फॉन्ट टाकायला ईएक्सई चालवा असं कुणी सांगत असेल तर ती झिप उडवा.

टास्क मॅनेजरमध्ये "अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल" (हा डिफेंडरच) प्रोसेसरची बरीच ताकद घेताना दिसलं की काही जण डिफेंडर बंद करतात. तो स्कॅन चालू असतो, संपला की शांत होतो.

एवढं करूनही काही घुसलं आणि त्या कॉम्प्युटरवरून बँकेचं काम झालेलं असेल, तर आधी नेट तोडा. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम मधेच रोखली जाण्याची शक्यता जास्त.

आणि कॉम्प्युटर दुरुस्तीहून परत आला की घरी पोहोचल्यावर पहिल्यांदा दोन जागा उघडा: मॅनेज प्रोव्हायडर्स आणि एक्सक्लुजन्स. मावशी आता हे स्वतः करते. परवा तिने फोनवर मला दोन्ही याद्या वाचून दाखवल्या. पहिलीत एकच नाव होतं आणि दुसरी रिकामी होती.